तीस सेकंद

अंबडला, एक्स ब्लॉकच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये
आम्ही एक दार उभं केलंय.
भिंत नाही. नुसती चौकट, बिजागऱ्या,
आणि पलीकडे निवृत्ती दराडे, वही घेऊन.

साखळीला टांगलेलं वजन मी सोडते.
कबुतरं उडतात.
दार जागचं हलत नाही.
निवृत्ती लिहितो : फटका सातवा, वाक दोन मिलीमीटर.
मग मुठीला दोर, एकशे तेरा किलोची ओढ.
मग पुन्हा फटका, पुन्हा कबुतरं.

भक्कम दार करणं काही अवघड नाही.
भक्कम तर सराफ बाजारातली कुठलीही तिजोरी असते.
पण ही तिजोरी उडायची आहे,
ग्रॅम-ग्रॅम वजनाचा हिशेब द्यायचा आहे,
आणि केबिनमधली हवा एकाएकी सुटली
तर पापणी लवायच्या आत आपणहून फळी टाकून द्यायची आहे,
नाहीतर विमानाची जमीनच वाकेल.
म्हणजे हट्टी हवं, पण हवेचं ऐकणारं.
माणसाचं नाही.
असं एक माणूस माझ्या माहेरी होतं. ते राहू दे.

खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो.
तिथल्या भिक्षूंच्या खोल्यांना आता दारं नाहीत,
उंबऱ्याच्या दगडात खोबण्या उरल्यात.
कुणीतरी तेव्हाही मोजमाप घेतलं असेल :
कडी आतून हवी, की बाहेरून?

आमच्यापुढे तोच प्रश्न, छत्तीस हजार फुटांवर.
आतले दोघे बोलेनासे झाले तर?
बाहेर आकडे दाबायचे. आत घंटा वाजेल.
कुणी नको म्हटलं नाही, तर कडी सुटेल.
किती वेळाने, तिथे मी ड्रॉइंगवर लिहिलं : तीस सेकंद.
खुर्चीतल्या माणसाला वळायला, पडद्यावरचा चेहरा ओळखायला,
नकार द्यायला पुरे.

निवृत्ती चहा फुंकत म्हणाला,
"आणि मॅडम, आतला शुद्धीवर आहे,
पण उघडतच नाही म्हणतोय, मग?"
मग नाही उघडत, मी म्हटलं.
नको कोण म्हणतंय हे दाराला कळत नाही.

त्याने कप खाली ठेवला. बशीत नाही, वहीवर.
"दोन वर्षं झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी.
धाकट्याने आतून कडी लावली, चुंचाळ्याच्या खोलीत.
दार मीच बसवलेलं. सागाची चौकट, साडेतीन इंची स्क्रू,
कडी आपल्याच शेडमधल्या उरल्या पट्टीची.
चौघं लागलो आम्ही. वीस मिनिटं."
मग म्हणाला, "चांगलं झालं होतं हो ते दार,"
दुसऱ्या कुणाच्या कामाबद्दल बोलावं तसं.

वहीवर कपाचा गोल उठला होता,
फटका अकरा ते चौदाच्या आकड्यांवर.

मी नियमांचे कागद पुन्हा चाळले.
एका ठिकाणी एवढंच सापडलं :
आत कधी कुणाला एकटं ठेवू नये.
एक बाहेर आला, तर दुसऱ्या कुणी आत जाऊन बसावं.
त्यासाठी ना स्टील लागतं, ना माझी डिग्री.
ते मी निवृत्तीला वाचून दाखवलं नाही.

संध्याकाळी शेवटची चाचणी.
निफाडकडून थंडी आली होती, पत्रा कडकड वाजत होता.
निवृत्ती आतल्या बाजूला, स्टुलावर, बटणाशी.
मी बाहेरून आकडे दाबले. घंटा वाजू लागली.
दाराच्या खालून त्याच्या चपला दिसत होत्या.
दहा. पंधरा.
चौकटीला वळसा घालून मला चार पावलांत पलीकडे जाता आलं असतं.
बावीस.
एक चप्पल हलली, परत जागेवर आली.
सव्वीस, सत्तावीस.
कडी सुटली.

"एकोणतीस पूर्णांक आठ," पलीकडून आवाज आला.
"पास लिहू?"